आकृतिबंध शिकवताना सूत्राची घाई नको

"पुढची संख्या कोणती?" या प्रश्नावर पहिल्याच दिवशी भर देऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. फळ्यावर २, ४, ८ लिहिलं की आपल्या डोक्यात १६ असतं. एखादं मूल १४ म्हणतं आणि आपण पटकन फुली मारतो. पण त्याने फरक पाहिलेला असतो: आधी २, मग ४, म्हणून आता ६. तेही बरोबरच आहे! उत्तर काहीही येवो, "कसं काढलंस?" हे आधी विचारा.

फळ्याच्या आधी हातात वस्तू द्या. मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या साध्या काड्या. एका चौकोनाला ४ काड्या, त्याला चिकटून दुसरा केला की एकूण ७, मग १०, १३. दर वेळी ३ वाढतात हे मुलं लगेच पकडतात. खरी कसोटी दहा चौकोनांना किती, इथे लागते. बरीच मुलं ४० म्हणतात. तेव्हा चूक म्हणू नका. दोन चौकोन मांडायला लावा आणि मधल्या काडीवर बोट ठेवायला सांगा. ती काडी दोघांचीही आहे हे दिसलं की मुलं आपणहून ३१ वर येतात: सुरुवातीची १ आणि प्रत्येक चौकोनाच्या ३.

शंभराच्या तक्त्यात ९ चा पाढा रंगवून तिरकी रेघही जरूर दाखवा. शिवाय मुलांना स्वतःचा आकृतिबंध बनवून शेजारच्याला कोडं घालू द्या. सुरुवातीला ते विस्कळीत असतील, असू देत.