पुळणीवरची कासवाची अंडी हलवावीत का?

प्रश्न : आमच्या पुळणीवर पहाटे कासवाच्या खुणा दिसतात. परवा कुत्र्यांनी एक घरटं उकरलं. पुढचं घरटं सापडलं, की अंडी काढून सुरूच्या बनात पुरली तर जगतील का? किनाऱ्यावर दगडी बंधाराही होणार आहे.
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : तुम्ही स्वतः काढू नका. ऑलिव्ह रिडले कासवाला कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. खूण दिसताच वनरक्षकाला किंवा गावच्या कासवमित्राला कळवा आणि तोवर कुत्री हाकलत राहा. काठी खुपसून घरटं शोधू नका, अंडी फुटतात.

उशीर मात्र नको. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो मरतो, बाहेरून मात्र अंडं धडधाकट दिसतं. म्हणून जाणकार माणूस एकेक अंडं न फिरवता उचलतो, मूळ घरट्यातली ओलसर वाळू सोबत घेतो आणि घरट्यांसाठी राखलेल्या कुंपणाच्या आत साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद, मडक्यासारखा खड्डा करून त्यात ठेवतो. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत येतात.

सुरूचं बन तर नकोच. मुळं घरट्यात शिरतात, आणि दाट सावलीत वाळू थंड राहते. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं : साधारण ३० अंशांच्या वर माद्या, खाली नर.

बंधाऱ्याची काळजी रास्त आहे, आणि आमच्या मते कुत्र्यांपेक्षा ती मोठी. मादीला दगड चढता येत नाहीत. ती पायथ्याशीच अंडी घालते आणि उधाणाच्या भरतीत ती बुडून कुजतात. शिवाय दगडांवर आपटून परतणारी लाट समोरची वाळू ओढून नेते, म्हणजे घरट्याची जागाच जाते. काम सुरू होण्याआधीच ग्रामसभेत हा मुद्दा लेखी नोंदवा. घरटी कुठे सापडली ते नकाशावर दाखवा.

दिवे तर तुमच्याच हातात आहेत. पिल्लं सर्वांत उजळ दिशेला धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. नोव्हेंबर ते मे पुळणीकडचे दिवे रात्री बंद ठेवा, नाहीतर वरून झाकून जमिनीकडे वळवा. पिल्लांना उचलून पाण्यात सोडू नका. ती काही हात तरी वाळूवरून चालत जाऊ द्या.