दोन घोडे की चार

सोलापूर

चि. स अनेक आशीर्वाद.

लंडनच्या राजवाड्यात परदेशी राजदूतांचं मानपान बघणारा एक अधिकारी असतो. ‘मार्शल ऑफ द डिप्लोमॅटिक कोअर’ या त्याच्या हुद्द्यासाठी काय शिकावं लागतं, असं तू विचारलंस. त्यासाठी वेगळा कोर्स नाही. पूर्वी तिथे लष्करातले निवृत्त अधिकारी नेमत, अलीकडे परराष्ट्र खात्यात केस पिकवलेले लोक. हे पद 1920 चं, काम मात्र 1603 पासून चालत आलेलं.

तुला बग्गी आवडली, ते कळलं. नवा राजदूत राजाला अधिकारपत्र, म्हणजे आपल्या देशाने दिलेलं नेमणुकीचं पत्र, द्यायला जातो, तेव्हा मार्शल त्याच्याबरोबर त्या बग्गीत असतो. राजदूताच्या बग्गीला दोन घोडे, उच्चायुक्ताच्या, म्हणजे राष्ट्रकुलातल्या देशाच्या राजदूताच्या, बग्गीला चार. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणजे आपल्या माणसाला चार! बघणाऱ्याला गंमत वाटते. ज्याला दोनच मिळतात त्याला विचार.

सगळं काम या मानापानाभोवती फिरतं. 1661 साली कोणाची बग्गी पुढे, यावरून फ्रान्स आणि स्पेनच्या राजदूतांची माणसं लंडनच्या रस्त्यावर भिडली, मुडदे पडले. 1815 साली व्हिएन्नात तोडगा निघाला, 1961 च्या करारात तो कायम झाला: जो आधी रुजू झाला, तो पुढे. देश लहान की मोठा, हा प्रश्नच नाही. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत मानाचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, ठरलेल्या क्रमाने निघतात, तिथे पहिला कोण आणि सातवा कोण हे ऐन वेळी ठरवायला लागलो तर संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडायच्या कधी?

कलेक्टर कचेरीत मी राजशिष्टाचाराचं टेबल सांभाळलं. मंत्र्यांचा दौरा आला की पत्रिकेवर कोणाचं नाव कोणाच्या खाली गेलं, यावरूनच फोन सुरू. स्टेजवरच्या खुर्चीला चिकटवलेली नावाची चिठ्ठी कार्यकर्ते गुपचूप पुढच्या रांगेत सरकवतात. म्हणून पाहुणे येण्याआधी शेवटची फेरी स्वतःच मारायची, शिपायावर सोडायची नाही.

तुझा रस्ता यूपीएससीतून भारतीय परराष्ट्र सेवेत आणि तिथून दिल्लीच्या राजशिष्टाचार विभागात जातो. परदेशी राजदूत राष्ट्रपती भवनात अधिकारपत्र देतात, तो सोहळा हाच विभाग बघतो. पगार आणि बढत्यांचं नंतर बोलू.

येत्या 26 जानेवारीला झेंडावंदनाच्या ठिकाणी खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम मागून घे. ओळखीच्या नायब तहसीलदारांना मी सांगून ठेवतो. घरून पोटभर खाऊन नीघ. पाहुणे जाईपर्यंत तिथे चहासुद्धा मिळत नाही.

तुझा,
काका