राखून ठेवलेल्या नफ्यावरच्या परताव्यावरून कंपनीच्या वाढीचा अंदाज बांधता येतो का?

आपण विचारले आहे की एक कंपनी गेली काही वर्षे नफ्यातला बहुतेक भाग स्वतःकडेच ठेवते, लाभांश नाममात्र देते, आणि अशा राखून ठेवलेल्या नफ्यावर तिने ३० टक्के परतावा मिळवल्याचे आपल्या वाचनात आले. तर एवढ्यावरून ती पुढेही वेगाने वाढेल असे मानता येईल का, आणि हा आकडा मुळात काढायचा कसा? मी जळगावात हिशेब तपासणीच्या व्यवसायात आहे आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचणे हा माझ्या कामाचाही भाग आहे आणि आवडीचाही. माझ्या मते हे माप फार उपयोगाचे आहे, मात्र तो ३० टक्क्यांचा आकडा कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि काय काय वगळून मोजला, हे कळेपर्यंत त्यावर एक रुपयाही लावू नये.

आधी हे माप हवे कशासाठी ते पाहू. नफा दरवर्षी वाढतो आहे एवढ्यावरून व्यवस्थापन कर्तबगार आहे असे ठरत नाही. एक लाख रुपयांची मुदत ठेव ७ टक्क्यांनी ठेवली आणि व्याज न काढता त्यातच राहू दिले, तर पहिल्या वर्षी ७,००० रुपये व्याज मिळते आणि सहाव्या वर्षी सुमारे ९,८००. व्याजाचे उत्पन्न ४० टक्क्यांनी वाढले, पण त्यात कोणाचे कौशल्य नाही. जे मिळाले ते काढून घेतले नाही, एवढेच घडले. लाभांश न देणाऱ्या कंपनीचा नफा याच कारणाने वाढत असेल, तर तिच्या 'विक्रमी नफ्याच्या' घोषणेला अर्थ नाही. म्हणून विचारायचे ते असे, की भागधारकांच्या हक्काचा जो पैसा कंपनीने त्यांना न देता स्वतःकडे ठेवला, त्या पैशाने वर्षाकाठी किती नवा नफा आणला?

आकडा काढण्याची रीत सोपी आहे. ठरावीक काळात दर शेअरमागे जो नफा झाला, त्याची बेरीज करावी, त्यातून त्याच काळात दिलेला लाभांश वजा करावा. उरतो तो राखून ठेवलेला नफा. त्या काळात दर शेअरमागचा वार्षिक नफा जेवढा वाढला, त्या वाढीला या रकमेने भागावे. आपण कंपनीचे नाव दिलेले नाही, म्हणून समजण्यापुरते आकडे मीच घेतो. समजा २०१८-१९ पासून २०२३-२४ पर्यंत दर शेअरमागचा नफा अनुक्रमे २०, २२, १९, २७, ३३ आणि ३८ रुपये आहे, आणि लाभांश ४, ४, ४, ५, ६ आणि ७ रुपये. शेवटच्या वर्षी राखलेल्या पैशाला काम करायला अजून वेळच मिळालेला नाही, म्हणून मी बेरीज २०२२-२३ पर्यंतचीच धरतो. पाच वर्षांचा नफा १२१ रुपये, लाभांश २३ रुपये, कंपनीकडे राहिले ९८ रुपये. या काळात वार्षिक नफा २० वरून ३८ वर गेला, म्हणजे १८ रुपयांनी वाढला. १८ भागिले ९८, म्हणजे साधारण १८.४ टक्के.

आता हेच आकडे २०२०-२१ पासून मोजून पाहा. ते वर्ष टाळेबंदीचे होते, नफा १९ रुपयांवर आला होता. तिथून ३८ पर्यंत वाढ १९ रुपये, आणि २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांत राखलेला नफा ६४ रुपये. परतावा निघतो जवळजवळ ३० टक्के. कंपनी तीच, अहवाल तेच, फक्त सुरुवातीचे वर्ष बदलले. ज्याला शेअर विकायचा असतो तो मोजणी नेहमी खड्ड्यापासून सुरू करतो, आणि आपण वाचलेल्या ३० टक्क्यांबद्दल माझी पहिली शंका हीच आहे. त्यामुळे निदान पाच, जमल्यास दहा वर्षांचा काळ घ्यावा, त्यात एक तरी वाईट वर्ष असावे, पण ते मोजणीच्या कोणत्याही टोकाला नसावे.

दुसरी अडचण खास आपल्या देशातली आहे आणि तिच्याकडे फार थोड्या लोकांचे लक्ष जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपनी कर कमी केला. ज्या कंपन्यांनी सवलती सोडून नवा दर स्वीकारला, त्यांच्यासाठी अधिभार आणि उपकर धरून तो सुमारे २५.१७ टक्के झाला. मोठ्या कंपन्यांचा आधीचा कमाल दर ३४.९४ टक्के होता. म्हणजे करपूर्व १०० रुपयांतून आधी ६५ रुपये हाती उरत होते ते ७५ च्या जवळ उरू लागले, आणि एकही जादा नग न विकता करोत्तर नफा १५ टक्क्यांनी वाढला. आपल्या उदाहरणातल्या कंपनीने जुन्या दराने पूर्ण कर भरला असेल, तर २०१८-१९ चे २० रुपये नव्या दराने २३ धरायला हवेत. मग खरी वाढ १८ नव्हे तर १५ रुपये, आणि परतावा सुमारे १५.३ टक्के. २०१९ च्या अलीकडे-पलीकडे पसरलेला कोणताही काळ मोजताना ही दुरुस्ती करावीच लागते. सरकारने सोडलेला कर व्यवस्थापनाच्या गुणांच्या रकान्यात मांडणे योग्य नाही.

तिसरी दुरुस्ती कर्जाची. त्याच पाच वर्षांत कंपनीने बाहेरून पैसा आणला असेल, तर वाढलेल्या नफ्याचे सगळे श्रेय राखलेल्या नफ्याला देता येत नाही. समजा कंपनीचे एक कोटी शेअर आहेत. म्हणजे तिने ९८ कोटी राखले. त्याच काळात तिचे कर्ज ६० कोटींनी वाढले आणि व्याजदर ९ टक्के आहे. व्याज होते ५.४ कोटी, करबचत वजा जाता सुमारे ४ कोटी. नव्या पैशाने मिळवले ते भागधारकांसाठी १५ अधिक व्याजापोटी ४ असे १९ कोटी, आणि नवा पैसा राखलेला व कर्जाचा मिळून १५८ कोटी. परतावा १२ टक्के. सुरुवातीला जो आकडा ३० दिसत होता, तो असा १२ वर येतो. १२ टक्के वाईट नाहीत, कर्जाच्या करोत्तर खर्चाच्या ते वर आहेत आणि सरळमार्गी धंद्याला शोभणारे आहेत. पण त्याला ३० ची किंमत मोजणे हा वेगळा विषय झाला.

शेअरची संख्या बदलली असेल तर दर शेअरचे आकडे फसवतात, म्हणून मी एकूण करोत्तर नफ्यावर मोजणी करणे पसंत करतो. बोनस शेअर, म्हणजे भागधारकांना फुकट जादा शेअर, दिले की राखीव निधीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात जाते, भागधारकाच्या खिशात काहीच जात नाही. ताळेबंदात मात्र राखलेला नफा कमी झालेला दिसतो. बायबॅक केल्यास, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतल्यास, शेअर कमी होतात आणि दर शेअरमागचा नफा वाढलेला दिसतो, जरी कारखान्यात काहीही वाढलेले नसले तरी. बायबॅकची रक्कम लाभांशासारखीच वाटलेली समजून वजा करावी. हे सगळे वार्षिक अहवालात 'इक्विटीतील बदलांचे विवरण' या पानावर मिळते. सुरुवातीची शिल्लक, वर्षाचा नफा, दिलेला लाभांश, इतर फेरफार आणि अखेरची शिल्लक अशा ओळी तिथे असतात. बहुतेक लोक नफा-तोटा पत्रकावर थांबतात, या पानापर्यंत पोचत नाहीत, आणि मला तर सबंध अहवालातले हे सर्वात बोलके पान वाटते.

यानंतर पाहायचे ते हे, की राखलेला पैसा गेला कुठे. आपल्या खान्देशातल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याच्या धंद्यावरून हे चटकन कळते. १७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. २०२०-२१ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५१५ रुपये होता. २०२२ च्या सुरुवातीला बाजारात भाव दहा हजारांच्या वर गेले. म्हणजे एका गाठीच्या कच्च्या मालात आधी साडेसत्तावीस हजार अडकत होते, तिथे पन्नास हजार अडकू लागले. गाठी तेवढ्याच, यंत्रे तीच, मजूर तेच. पण धंदा जागच्या जागी चालू ठेवायलाच जवळपास दुप्पट खेळते भांडवल हवे. अशा वर्षी नफा दिसतो, तो राखलाही जातो, आणि सगळा गोदामातल्या कापसात आणि गिऱ्हाइकांकडून येणे असलेल्या रकमेत जाऊन बसतो. भाव चढते असताना जुन्या साठ्यावर मिळालेला फायदा वाढीसारखा भासतो आणि भाव उतरले की तो निघून जातो. म्हणून साठा आणि येणी विक्रीच्या प्रमाणात किती वाढली हे पाहावे. राखलेला नफा म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. आणि जो नफा जागेवर उभे राहण्यासाठीच राखावा लागतो, त्याला वाढीसाठीची गुंतवणूक म्हणता येणार नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पुढच्या वाढीकडे. नफ्याचा किती हिस्सा राखला आणि त्यावर किती परतावा मिळाला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाढीचा ढोबळ वेग. आपल्या कंपनीने १२१ पैकी ९८ रुपये, म्हणजे ८१ टक्के राखले. परतावा ३० धरला तर वाढ २४ टक्के निघते आणि नफा तीन वर्षांत दुप्पट होईल असे वाटते. १५ धरला तर वाढ १२ टक्के, आणि त्याच दुपटीला सहा वर्षे लागतात. पण हा गुणाकार एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही की पुढचा पैसाही मागच्या पैशाइतकाच कमावेल. तसे घडायला धंद्यात जागा शिल्लक असावी लागते.

याचे बोलके उदाहरण आपल्याच अमळनेरमध्ये आहे. १९४५ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. तीच पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी सूत्रे हाती घेतली. तेल-तुपाच्या धंद्यात मिळालेला सगळा पैसा पुन्हा तेल-तुपातच घातला असता, तर त्यावरचा परतावा लवकरच आटला असता, असे माझे मत आहे. कंपनी साबणात गेली, हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये गेली, आणि पुढे संगणकात. ज्या अमळनेरकरांनी ते शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांना त्याचे फळ मिळाले, हे खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. पण याच गोष्टीचा उत्तरार्धही लक्षात घ्या. २०१९ मध्ये याच कंपनीने १०,५०० कोटींचा आणि २०२३ मध्ये १२,००० कोटींचा बायबॅक केला, म्हणजे तेवढा पैसा कामाला लावण्यापेक्षा भागधारकांना परत देणे तिने पसंत केले. मला यात कमीपणा दिसत नाही, जबाबदारी दिसते. शिवाय विप्रोकडे पाहून प्रत्येक विस्ताराला टाळ्या वाजवू नयेत. मूळ धंद्याचा नफा अनोळखी धंद्यात घालून तो बुडवणाऱ्या कंपन्या कितीतरी अधिक असतात, त्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही एवढेच. वार्षिक अहवालात धंद्याच्या शाखांनुसार नफा आणि गुंतवलेले भांडवल दिलेले असते. राखलेला पैसा कमावत्या शाखेतच गेला, की कमावत्या शाखेने दुसरीचा तोटा भरून काढला, हे तिथे पडताळता येते.

अमेरिकेतले नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी आपल्या बर्कशायर हॅथवे या कंपनीच्या भागधारकांसाठी १९८३ मध्ये जी तत्त्वे मांडली, त्यांत एक कसोटी अशी आहे की राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे कालांतराने बाजारमूल्यात निदान एका डॉलरची भर पडली पाहिजे. ही कसोटी जोडीला जरूर लावावी, पण पाच वर्षांच्या आत लावू नये, कारण तेजीच्या बाजारात नालायक कंपनीही ती उत्तीर्ण होते. आपल्यापुरता एक हिशेब यात आणखी येतो. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर भागधारकाला स्वतःच्या कर-टप्प्याप्रमाणे कर भरावा लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला १०० रुपये लाभांशातले उपकर जाता ६८.८० रुपयेच उरतात. म्हणून कंपनी १२ टक्के मिळवत असेल आणि आपल्याला तेवढे दुसरीकडे कराशिवाय मिळत नसतील, तर तिने पैसा ठेवून घेणेच आपल्या हिताचे आहे.

बँका आणि सरकारी कंपन्यांना मात्र हे माप लावू नका. बँकांना कायद्यानेच नफ्यातला काही भाग राखीव निधीत टाकावा लागतो आणि भांडवल-पर्याप्ततेसाठी, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या प्रमाणात पुरेसे स्वतःचे भांडवल असावे म्हणून, आणखीही राखावा लागतो. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांवर नफ्याच्या किमान ३० टक्के लाभांश देण्याचा दंडक आहे. दोन्हीकडे राखण्याचा निर्णय पूर्णपणे व्यवस्थापनाचा नसतो.

आपल्या कंपनीबाबत मी सुचवेन ते असे: मागच्या दहा वर्षांचे अहवाल काढा, सुरुवातीचे वर्ष २०१६-१७ च्या आसपासचे धरा, कराची आणि कर्जाची दुरुस्ती करा, आणि मग जो आकडा निघेल त्याला राखलेल्या हिश्श्याने गुणा. तो गुणाकार १२ च्या जवळ आला आणि बाजार त्या शेअरला नफ्याच्या पन्नासपट भाव देत असेल, तर कंपनी चांगली असूनही मी त्या भावाला घेणार नाही. तो २० च्या वर टिकला, कर्ज वाढलेले नसले आणि साठा-येणी विक्रीच्या मापात असली, तर नव्या क्षमतेसाठी कंपनीने पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठे आणि किती खर्च योजला आहे, ते संचालकांच्या अहवालात शोधा.