दार नवं, शब्द जुना

प्रश्न : माझा भाचा रोमानियात क्लुजला नोकरीला आहे. झलाऊ शहराजवळच्या मोईग्राद खेड्यातून त्यानं फोटो पाठवला. टेकडीवर दगडी दरवाजा, दोन्हीकडे बुरूज, मागं चरणाऱ्या मेंढ्या. म्हणतो, रोमन किल्ला आहे, एकोणीसशे वर्षांचा. मॅडम, इतकं जुनं दार इतकं धडधाकट कसं? आणि त्या गावचे लोक रोमनांचेच वंशज का?
(एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : भाच्यानं थाप मारली नाही. जागा रोमनच, पण दार आपल्या काळात पुन्हा उभारलेलं आहे. पाया जुना, अंग नवं. मी तिथं गेले तेव्हा त्या गुळगुळीत कमानीखाली सगळे फोटो काढत होते आणि खऱ्या पडक्या भिंतीवर बसून डबा खात होते. आपल्या रामटेकला तरी वेगळं काय होतं!

किल्ल्याचं नाव पोरोलिस्सुम. इ.स. 106 मध्ये सम्राट त्राजाननं डाशिया, म्हणजे आजच्या रोमानियाचा बराचसा मुलूख, जिंकला आणि मेसेश डोंगरातली खिंड राखायला इथं फौज बसवली. खिंडीपलीकडे रोमची सत्ता संपत होती. किल्ला साधारण 230 बाय 300 मीटर, म्हणजे सतराएक एकरांचं वावर. बाहेर वस्ती, देवळं, जकात नाका, शिवाय खेळांचं गोल प्रेक्षागार. ते 157 मध्ये दगडात नव्यानं बांधल्याचा शिलालेख सापडलाय. त्यात म्हटलंय, आधीचं 'जुनं होऊन ढासळलं' होतं. पन्नास वर्षांत जुनं! बांधकाम खात्याची भाषा तेव्हापासून तीच दिसते.

आता वंशजांचं. इथले 'रोमन' शिपाई रोम शहरातले नव्हतेच. एक तुकडी ब्रिटनच्या नावाची, एक सीरियातल्या पाल्मिराच्या तिरंदाजांची. वाळवंटातली माणसं, गुडघाभर बर्फात पहारा देत होती. आपल्या देवाला, बेलला, त्यांनी तिथंच देऊळ बांधलं. तुम्ही महालातल्या, तुम्हाला कामठी सांगायला नको. 1821 मध्ये इंग्रजांनी कन्हानकाठी छावणी टाकली, मद्रासी पलटणी आल्या, आणि पलटणी गेल्या तरी काही घरं मागं राहिली. तसंच काहीसं तिथं.

फरक एवढाच की तिथं पुढं फार उलथापालथ झाली. 271 च्या सुमारास सम्राट ऑरेलियननं डाशिया सोडला. मग गॉथ, स्लाव, हंगेरियन आले. 'मोईग्राद'मधला 'ग्राद' स्लाव भाषेतला, अर्थ गड. (कानाला 'गड' वाटतो, पण भाषेचे अभ्यासक त्याचं नातं आपल्या 'गृह'शी लावतात.) मधल्या शतकांत लॅटिन (रोमनांची भाषा, आजच्या रोमानियनची आई) बोलणारे तिथंच टिकले की नंतर दक्षिणेकडून आले, यावर रोमानियन आणि हंगेरियन इतिहासकारांचं आजही जमत नाही. त्या भांडणात मी पडत नाही. रक्त तपासण्यापेक्षा बोलणं ऐकावं.

गावात एका आजींनी आम्हाला अंगणात बसवलं. आलुबुखाऱ्याची झाडं, मोकळ्या कोंबड्या. ताटात मामालिगा आली, म्हणजे आपला घाटाच, पण मक्याच्या पिठाचा, वर चीज आणि आंबट साय. मला तिखटाची फार आठवण झाली. कुंपणाशी गवत रचणाऱ्या नवऱ्याकडे हात करून आजी म्हणाल्या, 'बत्रिनुल मेउ.' आमचं म्हातारं! हा 'बत्रिन' लॅटिन 'वेतेरानुस'मधून आलाय. मूळ अर्थ नोकरी पुरी करून सुटलेला शिपाई. परदेशी तुकड्यांत पंचवीस वर्षं काढली की रोमचं नागरिकत्व मिळे, त्याचा कांस्याचा दाखलाही देत. आता तो शब्द कुठल्याही म्हाताऱ्याला लागतो, गवत रचणाऱ्यालासुद्धा.

कागदोपत्री गावाचं नाव आता मोईग्राद-पोरोलिस्सुम. कारभार मिर्शिदच्या 'कोमुना'कडे, म्हणजे आपली गट ग्रामपंचायत समजा, सरपंचही थेट निवडून येतो. जुलै 2024 मध्ये डाशियाची ही सगळी सरहद्द, 277 ठिकाणांसकट, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. बैठक होती आपल्या दिल्लीत.

भाचा परत गेला तर त्याला म्हणावं, दाराकडे पाठ कर आणि उत्तरेकडच्या खिंडीचा फोटो पाठव. पहारेकरी तिकडंच बघत उभे असत.