व्यापारी तूट की व्यापारातला तोटा?

प्रश्न असा आलाय की मॉरिशसवरच्या एका बातमीत वर 'व्यापारी तूट वाढली' लिहिलंय आणि खाली 'व्यापारात मोठा तोटा', तर हे दोन्ही एकच का? नाही, आणि हा घोळ मला फार खुपतो कारण मराठीत दोन वेगळे शब्द हाताशी असताना आपण ते उगाच एकात एक मिसळतो.

माझ्या मामांचं किराणा दुकान होतं. दहा किलोची गुळाची ढेप फोडून सुट्टा गूळ विकला की शेवटी हिशोब साडेनऊ किलोचाच लागायचा, थोडा सुकायचा, थोडा बारदानाला चिकटायचा, थोडा मापाला जास्त जायचा. मामा म्हणायचे "अर्धा किलो तूट आली". पण ती तूट धरूनच ते किलोचा भाव लावायचे, त्यामुळे तोटा होत नव्हता. म्हणजे तूट हा दोन आकड्यांमधला फरक, जेवढं हवं तेवढं नाही एवढंच ती सांगते, आणि तोटा म्हणजे सगळा हिशोब झाल्यावर खिशातून गेलेला पैसा.

आता मॉरिशस घ्या. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख, तांदूळ, गहू, पेट्रोल सगळं बोटीने येतं, आणि बाहेर जाते साखर, कपडे, ट्यूना मासे. आयात निर्यातीपेक्षा बरीच जास्त, म्हणून व्यापारी तूट दरवर्षीचीच. पण 2019 मध्ये तिथे जवळपास 14 लाख पर्यटक आले, देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त! पर्यटन, वित्तसेवा आणि बाहेरून येणारी गुंतवणूक यातून तूट बरीचशी भरून निघते. शिवाय पेट्रोल घेतलं तर पैसे गेले आणि पेट्रोल आलं, यात देशाला तोटा कसला?

2020 मध्ये मात्र दोन्ही शब्द लागतात. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या, त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे 15 टक्क्यांनी आकसली. रिकाम्या हॉटेलवाल्यांना झाला तो तोटा. सरकारचा महसूल आटला आणि खर्च वाढला ती अर्थसंकल्पातली तूट, आणि ती भरायला तिथल्या मध्यवर्ती बँकेने सरकारला 6,000 कोटी मॉरिशस रुपये दिले, कर्ज म्हणून नाही, अनुदान म्हणून. आपल्या पाठ्यपुस्तकातला 'तुटीचा अर्थभरणा' आठवतो ना, म्हणजे सरकारने तूट भरायला मध्यवर्ती बँकेकडून पैसा घेणं, साधारण त्याच वाटेचा प्रकार.

ओळखायची सोपी खूण क्रियापदात आहे. तूट येते, पडते, भरून काढतात. तोटा होतो, बसतो, सोसावा लागतो. 'तूट सोसली' कोणी म्हणत नाही. जोड्या पण बघा, नफा-तोटा अशी जोडी आहे, तुटीच्या समोर मात्र शिल्लक बसते, म्हणून तर तुटीचा अर्थसंकल्प आणि शिलकी अर्थसंकल्प.

पण बातमी लिहिणाऱ्याला सगळा दोष देता येत नाही हां. 'घरात दूधदुभत्याला तोटा नव्हता' यातला तोटा म्हणजे नुकसान नाही, कमतरताच, म्हणजे तुटीच्या अगदी शेजारचा अर्थ! गंमत म्हणजे तो बहुतेक नकारातच टिकलाय, 'कामाला तोटा नाही', 'पैशाला काय तोटा'. दोन्ही शब्द तुटण्याच्याच घरातले, त्यामुळे अर्थांची ये-जा होणारच. पण आकडेवारीच्या बातमीत वाचक 'तोटा' वाचला की नुकसानच समजतो, तिथे तूटच हवी.

मी ती खालची ओळ अशी लिहिली असती: 'मॉरिशसची आयात-निर्यातीतली तूट वाढली, पर्यटनातून किती भरून निघणार?' आणि जाता जाता, 'तूटीचा' लिहू नका, तूट दीर्घ पण विभक्ती लागली की 'तुटीचा', जसं फूल-फुलाचा.