जुन्या पेंटियमवर नेमकी कोणती विंडोज टाकायची?

प्रश्न : बाबांचा २००० सालचा पेंटियम थ्री माळ्यावरून खाली काढलाय, १२८ एमबी रॅम आणि २० जीबीची हार्डडिस्क आहे, त्यावर ते पेजमेकरमध्ये लग्नपत्रिका करायचे. आता चालू केला की तारीख दर वेळी चुकीची येते आणि विंडोज ९८ अर्धवट येऊन अडकते. एक मित्र म्हणतो फॉरमॅट मारून एक्सपी टाक, दुसरा म्हणतो लिनक्स. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फॉरमॅट अजिबात मारू नका! बाबांच्या पत्रिका त्याच डिस्कवर असणार, आणि पंचवीस वर्षांची डिस्क कधी बसेल सांगता येत नाही, म्हणून आधी ती बाहेर काढा, चाळीस पिनांची केबल लागते तिला, त्यासाठी आयडीई टू यूएसबी अडॅप्टर मिळतो तो लावून दुसऱ्या कॉम्प्युटरवर अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल एकाच फाईलमध्ये, घ्या, नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही कारण फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात असतात आणि तो जुना फॉन्ट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तारखेचं दुखणं साधं आहे, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेलाय, सीआर २०३२ म्हणून मागा. तो बदलताना शेजारचे कपॅसिटर, म्हणजे बोर्डवर उभे असलेले छोटे डबीसारखे भाग, बघा, डोकी फुगलेली किंवा तपकिरी डाग दिसला तर आधी ते बदलून घ्या.

आता विंडोजचं. माझं मत स्पष्ट आहे, ९८ सेकंड एडिशनच ठेवा. एक्सपी १२८ एमबीवर चढते, पण सर्व्हिस पॅक ३, म्हणजे तिचा शेवटचा मोठा अपडेट, टाकला की एवढ्या रॅमवर पेजमेकर उघडायला ताटकळत बसावं लागतं. शिवाय मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं लॉक असेल तर ते जपून ठेवा, ते हरवलं की सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि एक्सपीवर त्याचा वेगळा ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं, ९८ वर मात्र ते पूर्वी चालत होतंच. एक अडचण आहे, ९८ ला पेनड्राइव्ह आपोआप कळत नाही, त्याचा ड्रायव्हर आधी सीडीवरून टाकावा लागतो.

लिनक्स मलाही आवडतं, पण इथं नको. पेंटियम थ्रीमध्ये एसएसई२, म्हणजे नंतरच्या प्रोसेसरांत आलेल्या जादा सूचनांचा संच, नाही त्यामुळे आजचा फायरफॉक्स किंवा क्रोम त्यावर सुरूच होत नाही, डेबियन या लिनक्सनं तर २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत पेंटियम थ्रीसारख्या ३२ बिट प्रोसेसरांसाठीचा इन्स्टॉलरच काढून टाकला, आणि एवढं करून पेजमेकर काही तिथं सरळ चालणार नाही. ९८ चे सिक्युरिटी अपडेट २००६ मध्येच बंद झालेत, तेव्हा नेटची केबल मात्र लावू नका.

इमेज घेऊन झाली की ९८ नव्या डिस्कवर टाका, जुनी बाबांच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. आणि पहिली पत्रिका उघडाल तेव्हा बाबांना शेजारी बसवा, कोणती फाईल कुणाच्या लग्नाची ते त्यांनाच माहीत.