टर्मिनलवरून बग रिपोर्ट बघण्यात खरंच अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे: ब्राउझर न उघडता टर्मिनलवरूनच एखाद्या पॅकेजचे बग कसे बघायचे, आणि त्यात वेळ घालवण्यात काही अर्थ आहे का.

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे. डेबियन या लिनक्सवर रिपोर्टबग पॅकेजसोबत क्वेरीबीटीएस नावाची कमांड येते, तिच्यापुढे पॅकेजचं नाव टाकायचं, यादी येते, यादीतला नंबर दिला की अख्खा रिपोर्ट आणि त्याखालची सगळी चर्चा वाचता येते. बाकीचे पर्याय मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडच्या मदतीच्या पानावर आहेत. पण 'अर्थ आहे का' हे वाचून लिहायला बसलो, कारण हेच मला माझ्या आधीच्या ऑफिसातल्या सिनिअरने विचारलं होतं, चारचौघांत.

९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियन १२ चं पॉइंट अपडेट (साठलेल्या दुरुस्त्यांचं छोटं अपडेट), म्हणजे १२.३, त्याच दिवशी रेपोत, पॅकेजेस जिथून उतरतात तिथे, आलं होतं आणि आमची मेंटेनन्सची वेळ शनिवारी रात्रीचीच असायची. अपडेटच्या यादीत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, होता, ६.१.६४. डेटाबेसच्या मशिनवर कर्नल बदलायचा असेल तर मी आधी बग बघतो, ही माझी जुनी सवय आहे, आणि इथे एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आकडा असतो आणि तो बदलत राहतो, त्यामुळे त्या नावाने शोधलं तर जे हवंय ते हाती लागेलच असं नाही, शोधायचं ते सोर्स पॅकेजच्या नावाने, म्हणजे एसआरसी, कोलन, लिनक्स. यादी भली मोठी येते, कर्नलचे उघडे बग ढिगाने आहेत, पण बगचे नंबर चढत्या क्रमाने पडतात, त्यामुळे सगळ्यात मोठे नंबर बघितले की ताजे काय आलंय ते लगेच कळतं.

त्या रात्री ताज्यांमध्ये होता १०५७८४३. विषयाच्या ओळीतच लिहिलेलं, ६.१.६४-१ मध्ये एक्स्ट-४ वर (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, फाइलसिस्टम) डेटा करप्ट होतोय. उघडून वाचला. मूळ लिनक्स कर्नलमधली एक दुरुस्ती ६.१ च्या शाखेत आणली होती, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होती तो बदल आणलाच नव्हता, त्यामुळे डायरेक्ट आयओने, म्हणजे मधली कॅशे टाळून थेट डिस्कवर, विशिष्ट पद्धतीने लिहिताना फाइलमधली जागा चुकत होती. आता डायरेक्ट आयओ कोण वापरतं? डेटाबेस वापरतात! आणि आमच्या सगळ्या मशिनी एक्स्ट-४ वर.

मी त्या सिनिअरना, आमच्या सरांना, फोन केला, म्हटलं कर्नल आज टाकत नाही, होल्डवर ठेवतो, बाकीची पॅकेजेस टाकतो. ते म्हणाले, "अरे स्टेबल आहे ना ते? स्टेबलमध्ये आलं म्हणजे टेस्ट झालेलं असतं. गूगलवर तर काही दिसत नाहीये." गूगलवर दिसणार कसं, रिपोर्ट त्याच दिवशीचा होता. मी नाहीच टाकला. डेबियनवाल्यांनी १२.३ च्या इन्स्टॉलच्या इमेज थांबवल्या, लोकांना अपडेट करू नका म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, ६.१.६६ कर्नल घेऊन थेट १२.४ आलं. आम्ही ते टाकलं, काही झालं नाही. आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सर काय म्हणाले, तर अपडेट एक दिवस लांबलं, टर्मिनलवर बग वाचत बसायला अर्थ आहे का, तेवढ्या वेळात काम होतं. मेलमध्येही तेच, 'विनाकारण विलंब'. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून स्पष्ट लिहितो. स्टेबल म्हणजे फारसं न बदलणारं, बग नसलेलं नव्हे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा डेटा आहे त्याने कर्नल, लिबसी (जिच्यावर जवळपास सगळे प्रोग्रॅम चालतात ती लायब्ररी), डेटाबेस असल्या गोष्टी बग न बघता टाकू नयेत, आणि जो बघतो त्याला घाबरट म्हणणाऱ्याने रिस्टोअर करायला रात्रभर स्वतः बसावं. ब्राउझरमधूनही हेच दिसतं हे मान्य, पण सर्व्हरवर एसएसएच करून, म्हणजे दुरून लॉगिन करून, बसलेला माणूस तिथल्या तिथे एक कमांड मारतो, ब्राउझर उघडायचा कंटाळा करतो, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. नेट बेभरवशाचं असेल तर डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेजमधली बीटीएस कमांड रिपोर्ट आधीच उतरवून ठेवते, मग ऑफलाइन वाचता येतात. एपीटी-लिस्टबग्ज नावाचं पॅकेज पण घाला, इन्स्टॉलच्या आधी गंभीर बग दाखवून थांबतं. आमच्याकडे सरांनी ते काढायला लावलं होतं, स्क्रिप्ट अडकते म्हणून. अहो, अडकण्यासाठीच आहे ते.

आता हे सगळं डेबियनचं. उबंटूचे बग लाँचपॅडवर असतात, फेडोराचे बगझिलावर, त्यामुळे ही कमांड तिथे जशीच्या तशी धरू नका. गिटहबवरच्या प्रोजेक्टसाठी जीएच टूल आहे, पण वेगळं काही सांगितलं नाही तर ते फक्त उघडे इश्यू दाखवतं आणि तेही ३०च, बंद झालेले बघायचे तर स्टेट 'ऑल' द्यावं लागतं. बहुतेक वेळा तुमचं उत्तर बंद झालेल्यातच असतं. डेबियनवरही बंद होऊन बरेच दिवस झालेले बग आर्काइव्हमध्ये जातात, ते वेगळे मागावे लागतात. आणि यादीत काही दिसलं नाही म्हणजे बग नाहीच असं नाही, कदाचित कुणी अजून कळवला नसेल. उलट दिसला म्हणून लगेच घाबरायचंही नाही, गंभीरपणा बऱ्याचदा कळवणाऱ्यानेच ठरवलेला असतो, आधी रिपोर्टमधला व्हर्जन आपल्या व्हर्जनशी ताडून बघा.

आणि अपडेट थांबवलंत तर त्याच रात्री मेल टाका, त्यात बगचा नंबर, व्हर्जन आणि थांबवल्याची वेळ लिहा, 'रिस्की वाटलं' एवढंच लिहू नका. सीसीमध्ये सिनिअरच्या वरच्यालाही घ्या.